ज्ञान जिल्ह्याबाहेर जाता कामा नये

लोकांपर्यंत संशोधन पोचवण्यासाठी केंद्राचे अनुदान घेणाऱ्या संस्थेला वर्षअखेरीस एक कागद भरून द्यावा लागतो. सामान्य वित्तीय नियम 2017, नमुना 12-अ, उपयोगिता प्रमाणपत्र. त्यात आरंभीची शिल्लक असते, अनुदानावर मिळालेले व्याज सरकारजमा केल्याची नोंद असते, आणि खाली सही करणाऱ्याने ज्या गोष्टींची खात्री करून घेतल्याचे लिहून द्यायचे असते, त्यांत एक रत्न दडलेले आहे. लाभ ठरलेल्या लाभार्थ्यांना मिळाला आणि योजना जिथे राबवायची होती त्याच भागांत, त्याच जिल्ह्यांत राबवली गेली, असे ते कलम सांगते.

विहिरी, गोठे, शेळ्या यांच्या बाबतीत हे समजू शकते. बुलढाण्यातल्या मोताळ्यासाठी मंजूर झालेली शेळी परजिल्ह्यातल्या जामनेरात चरताना दिसली तर लेखापरीक्षकाने भुवई उंचवावीच. पण विज्ञानाचे काय? बुलढाणा जिल्ह्यातलेच शेगाव पडले अकोला जिल्ह्याच्या वेशीवर. गुरुवारी गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेला बाळापूरचा भाविक परतताना एखाद्या अनुदानित व्याख्यानात सावली पाहून टेकला आणि पाण्यातल्या नायट्रेटबद्दल दोन गोष्टी ऐकून एसटीत बसला, तर तो अनधिकृत लाभार्थी ठरला. त्याच्याकडून वसुली कोणी करायची, बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी की अकोल्याच्या? त्याने घरी गेल्यावर बायकोलाही सांगितले असेल. तिने शेजारणीला. म्हणजे अपहाराची रक्कम रोज वाढते आहे. व्याख्यानाच्या दारात आधार कार्ड पाहून, परजिल्ह्यातल्या श्रोत्याच्या कानात कापूस घालण्याची तरतूद पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात करावी. कापूस तरी इथे मुबलक आहे, आणि स्वस्त.

बाहेरून रेशनवर येणाऱ्या गव्हाला मात्र असले प्रमाणपत्र लागत नाही. शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि संशय पुढे याच गव्हापर्यंत पोचला, ती कथा वाचकांना पुन्हा सांगायला नको. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीपर्यंत पोचली, वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे बारसेही उरकले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि रक्त, केस, पाणी, माती, धान्य असे नमुने घेऊन गेली. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव याच जिल्ह्याचे खासदार, त्यामुळे येण्यात कसूर झाली नाही. उणीव राहिली ती परत येऊन सांगण्यात. एप्रिलमध्ये त्याच गावांत नखे गळू लागली तेव्हाही लोक आधीच्या अहवालाचीच वाट पाहत होते.

या केसगळतीमागे सेलेनियम असावे हे गावात कळले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे. विंचूदंशावर हयात घालवलेल्या या गृहस्थांनी बोंडगावचा रेशनचा गहू तपासून घेतला आणि फेब्रुवारीत, म्हणजे विज्ञान दिनाच्याच महिन्यात, निष्कर्ष सांगून टाकला. किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम, मर्यादा 1.9, गहू पंजाब-हरियाणाकडचा. त्याच बातम्यांत आणखी एक आकडा होता: स्थानिक गव्हाच्या 600 पट. आता 14.52 हे 1.9 च्या साडेसात पटींच्या आसपास येतात. साडेसात आणि सहाशे हे दोन आकडे एका बातमीत शेजारी बसले होते. एक मर्यादेशी तुलना आहे, दुसरी गावच्या गव्हाशी, हे दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला कोणी समजावून सांगायचे? हेच ते काम. यालाच लोकसहभाग, संवाद, प्रसार अशी गोंडस नावे देऊन प्रस्ताव मागवले जातात. त्या दिवसांत जिल्ह्यात विज्ञान दिनाच्या पताका लागतच होत्या.

सरकारला याची जाण नाही असे नव्हे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये ‘वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी’चा मसुदा काढला. प्रत्येक वैज्ञानिकाने वर्षाला किमान 10 मानव-दिवस समाजाला द्यावेत, आणि हे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये, असे त्यात होते. 2022 मध्ये रीतसर मार्गदर्शक तत्त्वे आली. 2023 मध्ये ‘विज्ञान प्रसार’ ही 1989 पासून हेच काम करणारी संस्था बंद झाली. कंत्राट द्यायचे नाही आणि कामाला माणूसही ठेवायचा नाही, इतकी शुद्ध जबाबदारी मनुस्मृतीतल्या संन्याशालाही पेलली नसती. (संशोधन लोकांपर्यंत पोचत नाही याचा आणखी एक नमुना: लोणारच्या विवराचे वय संशोधकांच्या लेखी 2011 च्या सुमारास 50 हजारांवरून सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर गेले. विवराच्या काठावर वाटाड्यांना विचारून पाहा, कोणते वय ऐकायला मिळते.)

आमचे म्हणणे जुनेच आहे आणि आमच्या वाचकांना त्याचा कंटाळाही आला असेल. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून चारदा घ्याव्या लागतात. ग्रामपंचायतींचा हा कायदा 1958 चा आहे. ज्या गावातून रक्ताची नळी नेली, त्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत निकाल मराठीतून वाचून दाखवावा, अपुरा असेल तर अपुरा म्हणून, आणि संशोधनाच्या मंजुरीतच या वाचनाचे पैसे धरावेत. पेन, फोल्डर, बॅनर नको. माइक ग्रामपंचायतीचा असतो. खर्च काय तो एका माणसाच्या प्रवासाचा आणि प्रश्नांना उत्तरे देण्याइतक्या धीराचा. प्रवासाला लेखाशीर्ष आहे. धीर ‘इतर’ मध्ये दाखवता येईल काय, याचा खुलासा वित्त विभागाकडून मागवलेला बरा; आणि ग्रामसभेला बाळापूरचा जावई आलेला असल्यास त्याला वाचनापुरते बाहेर बसवायचे की कसे, याचाही.