मिठाचा किल्ला

इटलीत उन्हाळी वर्गाला चाललेय म्हटलं की ऐकणारा आपल्या वतीने सगळा बेत आखून मोकळा होतो. रोम, व्हेनिस, पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो. पेरुजाचं नाव घेतलं की मात्र गाडी अडते. ‘पेरू देशात इटालियन कशाला शिकायचं?’ असं आमच्या शिरोड्यातल्या एका काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नकाशा काढून दाखवला, तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार, ‘मगे हंय दर्या खंय आसा?’ दर्या नाहीच. उम्ब्रिया हा इटलीतला एकमेव प्रांत, ज्याला ना किनारा आहे ना परक्या देशाची हद्द. पेरुजा ही त्याची राजधानी, डोंगरमाथ्यावर चढून बसलेली.

या गावात परदेशी माणसांना इटालियन शिकवण्याचे वर्ग १९२१ पासून भरतात. १९२५मध्ये राजाच्या फर्मानाने त्यांची रीतसर संस्था झाली आणि आज ते परदेशीयांसाठीचं विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. इमारत अठराव्या शतकातल्या एका सरदार घराण्याचा वाडा. दाराबाहेर पडलं की समोर रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांची कमान. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातली, चुन्याचा थेंब न लावता रचलेल्या अजस्र दगडांची. तिच्यावर रोमन लोकांनी नंतर सम्राट ऑगस्टसचं नाव कोरून ठेवलंय. तिच्याखालून भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका जातात आणि वर कुणी बघत नाही. चौथ्या दिवसापासून मीही बघायचं सोडलं.

वर्गात आम्ही सगळे आपापल्या गरजेने आलेलो. एक कोरियन गायिका होती. तिला अख्ख्या इटालियन ऑपेरा तोंडपाठ, पण कॉफी मागताना अडखळायची. डिझाइन शिकायला आलेली एक चिनी मुलगी, निवृत्त झालेले एक अमेरिकन आजोबा, आणि केरळच्या एक सिस्टर, ज्यांना पुढे रोममधल्या इस्पितळात काम करायचं होतं. मराठी माणसाला इथे एक सवलत मिळते. टेबल पुल्लिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असणारच, हे आपण पाळण्यापासून धरून चालतो. अमेरिकन आजोबा शेवटपर्यंत त्याच दुःखात होते. पण ही सवलत पहिल्या आठवड्यापुरतीच. शंका, इच्छा, भीती व्यक्त करायला क्रियापदाची वेगळी रूपं सुरू झाली की मराठी-बिराठी कुणी मदतीला येत नाही. तिथे सिस्टर सगळ्यात पुढे. माझ्या मते शंका आणि इच्छा या दोन्ही बाबतींत त्यांचं मन आमच्यापेक्षा स्वच्छ होतं.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. घरमालकीण सिन्योरांनी टेबलावर मोठा, जाड सालीचा पाव ठेवला, दिसायला देखणा. तोंडात घातला तर चव काहीच नाही. बेकरीवाला मीठ घालायला विसरला असणार, असं वाटून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेकरीतून स्वतः आणला, तोही अळणी. रात्री आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘गो बाय, थंय मीठ गावणा नाय काय?’ मिठागरांच्या गावातल्या बाईला दुसरं काय सुचणार!

त्याचं उत्तर आमच्या बाईंनी, म्हणजे प्रोफेसोरेस्सांनी, वर्गात दिलं आणि ते उत्तर चांगलंच लांबलं. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी मिठाचा भाव वाढवला. पेरुजा तेव्हा नावाला पोपच्या राज्यात, पण स्वतःचा कारभार स्वतः हाकणारं, ताठ मानेचं शहर. त्यांनी जादा पैसे द्यायला साफ नकार दिला. पोपनी फौज पाठवली, तीही स्वतःच्या मुलाच्या हाताखाली. (हो, पोपच्या मुलाच्या. त्या काळी याचं कुणाला फारसं काही वाटत नसे.) इतिहासात याला ‘मिठाचं युद्ध’ असंच म्हणतात. ते फार चाललं नाही. पेरुजा हरलं. आणि तेव्हापासून, प्रोफेसोरेस्सा बोट नाचवत म्हणाल्या, पेरुजाच्या माणसाने ठरवलं की पोपचं मीठ पावाला लावायचं नाही.

गोष्ट झकास आहे. ती खरी असावी असं मलाही फार वाटतं. पण शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच असतो आणि त्यांचं या युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. सिन्योरांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. त्यांनी पावाच्या कापावर हॅमची एक पातळ चकती ठेवली आणि म्हणाल्या, आता खा. नोर्चाच्या डोंगराळ भागातलं ते हॅम इतकं खारट की खाली अळणी पावच हवा. मेंढीच्या दुधाच्या जुन्या चीजचीही तीच गत. समुद्रापासून लांब, मीठ बाहेरून येणार, ते महाग. मग ते मांस आणि चीज टिकवायला वापरायचं की पावात घालून संपवायचं? हा हिशेब मला पोपवरच्या रागापेक्षा जास्त पटतो. राग मागाहून कुणीतरी चिकटवला असावा. पण हा हिशेब पटला तरी ती पोपची गोष्ट सोडवत नाही, हेही खरं.

कारण युद्धाचा खरा पुरावा पावात नाही, जमिनीखाली आहे. जिंकल्यावर पोपनी गावाच्या दक्षिण टोकाला ‘रोक्का पाओलिना’ नावाचा प्रचंड किल्ला बांधायला घेतला. बाहेरच्या शत्रूसाठी नाही, गावावरच नजर ठेवायला. त्यासाठी बंडात पुढे असलेल्या बालियोनी घराण्याची अख्खी वस्ती बळी दिली. वाडे कापले आणि गल्ल्यांवर विटांच्या कमानी घालून त्यांचा किल्ल्याचा पाया केला. सांगाल्लो या वास्तुकाराने तिथला एक एट्रुस्कन दरवाजा तेवढा वाचवला. दगड काढून नव्या भिंतीत पुन्हा बसवला. लोकांनी तीनशे वर्षं तो किल्ला डोळ्यांसमोर सोसला. १८४८मध्ये त्यावर एकदा हातोडे पडले, आणि १८६०मध्ये पोपची सत्ता गेल्यावर उरलेलाही लोकांनी पाडला. वर आता चौक आहे, बाग आहे. पण पाया कुणी उकरून काढणार नव्हतं, त्यामुळे खालची ती सोळाव्या शतकातली गल्ली तशीच राहिली, छप्पर घातलेली.

१९८३मध्ये पेरुजाकरांनी काय केलं, तर त्या गल्लीतून सरकते जिने नेले. खाली गाडी लावायची, जिन्यावर उभं राहायचं, पोपच्या किल्ल्याच्या पोटातून बालियोनींच्या दारांवरून जायचं आणि वर बाजारात निघायचं. तिकीट नाही, पहारेकरी नाही. ऑफिसला उशीर झालेली माणसं डावीकडून धावत वर जातात. आपल्याकडे असं काही सापडलं असतं तर त्याला कुंपण, फलक आणि ‘हात लावू नये’ एवढं तरी नक्की झालं असतं. मला पेरुजाची रीत जास्त आवडली. वारसा वापरात असला की त्याची झाडलोट आपोआप होते.

माझा अभ्यासही तिथेच झाला. दुपारी एक वाजला की गावातली दुकानं शटर ओढतात ती चारपर्यंत. जुलैचं ऊन डोंगरावरही चटके देतं, आणि माझी खोली थेट कौलांखाली. त्या तीन तासांत पर्यटक बिचारे फवाऱ्याशी तळतात. आम्ही विद्यार्थी सरळ रोक्कात उतरायचो. आत दगडाचा गारवा, थोडा ओलसर वास, वरच्या झरोक्यातून येणारा उजेडाचा एक चौकोन. एका उंबऱ्यावर मी क्रियापदांची वही घेऊन बसायचे. उंबरा मधोमध झिजलेला होता, त्यामुळे बसायला बरा. त्या घरात चारशेऐंशी वर्षांपूर्वी कोण राहत होतं, हे मात्र ना वहीत होतं ना फलकावर. जुलैतला जॅझ महोत्सव १९७३ पासूनचा, जगप्रसिद्ध वगैरे. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवसांत झोप नाही आणि सगळ्याच वस्तूंचे भाव चढे.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गावाविषयी इटालियनमध्ये बोलायचं होतं. अट अशी की इतिहास सांगायला त्यांचा तो खास भूतकाळ वापरायचा, जो रस्त्यावर फारसा कानावर पडत नाही आणि पुस्तकात सोडत नाही. मी शिरोडा सांगितलं. वि. स. खांडेकर ज्या गावात शाळामास्तर होते ते गाव, किनारा, मिठागरं. दांडीनंतर महिन्याभराने, मे १९३०मध्ये, आमच्या मिठागरांवर झालेला सत्याग्रह. लोक मीठ उचलायला आले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. क्रियापदं अर्धी चुकली असतील, पण वर्ग गप्प होता. मीठ, कर आणि हट्ट, या तीन गोष्टी पेरुजात समजावून सांगाव्या लागत नाहीत. ‘आणि तुम्ही पाव अळणी खायला लागलात का?’ प्रोफेसोरेस्सांनी विचारलं. म्हटलं, नाही हो, आम्ही मीठच उचललं. आणि १९४७मध्ये तो करही गेला.

त्या हसल्या. म्हणाल्या, आमचं जरा वेगळं झालं. पोप गेले, इटलीचं राज्य आलं आणि नव्या राज्याने मिठाची मक्तेदारी स्वतःकडे ठेवली. राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, तरी १९७०च्या दशकापर्यंत मीठ सरकारी परवान्याच्या दुकानातूनच घ्यायचं, तंबाखूसारखं. बसची तिकिटं घेता ना, त्या दुकानांच्या पाट्या वाचा कधीतरी.

आम्ही रोज तिथूनच तिकिटं घेत होतो, पाटी कोण वाचणार? दुपारी सिस्टर आणि मी मुद्दाम गेलो. काळ्या पाटीवर पांढरा मोठा टी आणि खाली पुसट अक्षरांत खरंच लिहिलेलं: मीठ आणि तंबाखू. सिस्टरांना राहवेना. आत जाऊन त्यांनी आपल्या शुद्ध व्याकरणात अर्धा किलो मीठ मागितलं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने चष्मा वर केला, आम्हा दोघींना आळीपाळीने न्याहाळलं आणि म्हणाला, ‘मीठ? ते समोर सुपरमार्केटात. बसचं तिकीट देऊ?’