मायना चुकला की...

‘तीर्थस्वरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.’ असा मायना घातल्याशिवाय मराठी घरात पत्राला सुरुवात होत नसे. धाकट्याला ‘चिरंजीव’, परक्याला ‘सप्रेम नमस्कार’. मायना चुकला की वडीलधारी मंडळी नाक मुरडत. आपल्याकडे हे मागे पडलं. फ्रेंच कचेऱ्यांत मात्र आजही त्याला मान आहे.

चेन्नईकरांचा या रिवाजाशी चांगलाच संबंध येतो. शहराजवळ श्रीपेरुंबुदूरला सेंट-गोबेनचा काचेचा कारखाना २००० साली आणि ओरगडमला रेनो-निसानचा मोटारींचा कारखाना २०१० साली सुरू झाला. फ्रेंच शिकायला नुंगमबाक्कममध्ये १९५३ पासूनची अलियाँस फ्राँसेझ आहेच. पण भाषा आली तरी पत्र येतंच असं नाही!

फ्रेंच पत्राचा साचा ठरलेला. डावीकडे वर स्वतःचं नाव-पत्ता, उजवीकडे समोरच्याचा, मग गाव, तारीख आणि विषय. अनोळखी माणसाला ‘प्रिय’ म्हणायचं नाही. नुसतं ‘मस्य’, म्हणजे महाशय, किंवा ‘मादाम’. पुढे आडनाव जोडायचं नाही, हुद्दा चालतो. आणि शेवट? ‘आपला विश्वासू’ म्हणून सुटका नाही. ‘महाशय, माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार व्हावा, ही विनंती’ अशा अर्थाचं अख्खं वाक्य लिहायचं, त्यात सुरुवातीचं संबोधन पुन्हा जसंच्या तसं यायला हवं. ई-मेलमध्ये मात्र ‘कॉर्दियालमाँ’, म्हणजे ‘स्नेहपूर्वक’, एवढ्यावर भागतं. कुमारिकेसाठीचं ‘मादम्वाझेल’ तर सरकारी कागदपत्रांतून २०१२ साली हद्दपार झालं. विवाहित असो वा अविवाहित, बाई म्हणजे ‘मादाम’.

हे झालं शिष्टाचाराचं. खरी काळजी घ्यायची ती करारपत्राची. चेन्नईहून फ्रान्सला नोकरीसाठी जाणाऱ्याच्या हाती तिथल्या नोकरीचा लेखी करार पडतो, तो फ्रेंचमध्येच असतो. तसा तिथला कायदाच आहे. घाबरून किंवा भिडेखातर सही करू नये. परदेशी कर्मचाऱ्याला आपल्या भाषेतला अनुवाद मागण्याचा हक्क त्याच कायद्यानं दिला आहे. शिवाय दोन्ही मजकुरांत तफावत निघाली, तर कर्मचाऱ्याविरुद्ध त्याच्या भाषेतलाच मजकूर वापरता येतो.

तेव्हा अनुवाद जरूर मागावा. त्यात उद्धटपणा काहीच नाही. फक्त मागणीच्या पत्राचा शेवट रीतसर करावा, इतकंच!