वीस वर्षं थांबा, बॉस!

काही तारखा कायम पुढेच सरकतात. बिल्डरची पझेशनची तारीख, स्टेशनातला लोकलचा इंडिकेटर, ऑफिसातलं ‘नेक्स्ट क्वार्टरला बघू या’. पण या सगळ्यांचा बाप म्हणावा अशी एक तारीख आहे. गेली सत्तर वर्षं ती पुढे सरकतेय आणि तरी जगातले एकाहून एक हुशार लोक तिच्या मागे धावताहेत. तिचं नाव न्यूक्लिअर फ्यूजन. शुद्ध मराठीत अणुसंमीलन.

आणि गंमत म्हणजे, या तारखेच्या कथेत आपला मुंबईकर अगदी पहिल्या सीनमध्ये आहे. ऑगस्ट १९५५. जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा, वय वर्षं फक्त ४५. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केलं की, येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात आणायची रीत माणसाला सापडेल. म्हणजे १९७५ पर्यंत. १९७५ उजाडलं. ‘दीवार’ आला, ‘शोले’ आला, फ्यूजन काही आलं नाही. भाभा त्याच्या नऊ वर्षं आधीच, जानेवारी १९६६ मध्ये, माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले होते.

तेव्हापासून ‘अजून वीस वर्षं’ हा या क्षेत्रातला पेटंट जोक झालाय.

पण मुळात भानगड काय आहे? एकदम सोप्या भाषेत सांगतो. तारापूरला १९६९ पासून जी अणुवीज तयार व्हायला लागली ती तोडण्यातून. युरेनियमचा जड अणू फोडायचा, उष्णता मिळवायची. फ्यूजन म्हणजे बरोबर उलटं, जोडणं. हायड्रोजनची दोन भावंडं आहेत, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ती इतक्या जोराने एकमेकांवर आदळायची की एकजीव होऊन त्यांचं हेलियम व्हावं. त्या झटापटीत जी ऊर्जा सुटते ती आपली. सूर्याचा धंदा यावरच चालतो. फरक एवढाच की, सूर्याकडे चिक्कार वजन आहे, त्यामुळे त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश सेल्सियसमध्ये काम भागतं. आपल्याकडे ते वजन नाही. आपल्याला पंधरा कोटी अंश लागतात! एवढी गरम चीज ठेवायची कशात? कुठलंही भांडं वितळेल. म्हणून तिला चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचं. त्यासाठी मेदूवड्याच्या आकाराचं जे यंत्र रशियनांनी शोधलं, त्याला म्हणतात टोकामॅक.

फायदे ऐकले तर कुणीही प्रेमात पडेल. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे. धूर नाही, कार्बन नाही. काही बिघडलं तर प्रक्रिया आपोआप विझते, चेर्नोबिलसारखी भडकत नाही. किरणोत्सारी कचरा होतो, पण हजारो वर्षं उरावर बसणारा नाही.

मग घोडं अडलं कुठे? चला, आपल्या लाइटबिलाच्या भाषेत बोलू. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीने इतिहास घडवला. लेझरने इंधनाच्या इवल्याशा गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. टाकलं त्याहून जास्त मिळालं, हे पहिल्यांदाच झालं. पेपरांत हेडलाइन्स झळकल्या. आता हे ३.१५ मेगाज्यूल म्हणजे किती? एक युनिटसुद्धा भरत नाही! आणि ते लेझर पेटवायला ग्रिडमधून ओढलेली वीज होती सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. २०२५ मध्ये त्यांनी ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल मारली. तरी अडीच युनिट नाहीच.

इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकने २०२३ मध्ये, बंद होण्याच्या जरा आधी, ६९ मेगाज्यूल काढून दाखवले. म्हणजे १९ युनिटांएवढी उष्णता. इंधन किती जाळलं? ०.२ मिलिग्रॅम. मिठाच्या चार-दोन कणांएवढं! हा आकडा वाचला की वाटतं, यार, या लोकांना हवे तेवढे पैसे द्या. पण तिथेही आत ओतलेली उष्णता बाहेर आलेल्या उष्णतेपेक्षा जास्तच होती.

पुढचा मोठा डाव म्हणजे दक्षिण फ्रान्समधला ईटर. भारत यात २००५ मध्ये सामील झाला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये पॅरिसला करारावर सह्या झाल्या. यंत्राभोवतीचं जे महाकाय क्रायोस्टॅट आहे, सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढंच रुंद, ते आपल्या लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हजिऱ्यात बनवून तुकड्या-तुकड्यांनी जहाजातून पाठवलं. सॉलिड ना? पण ईटरचं टाइमटेबल बघा. करार झाला तेव्हा पहिला प्लाझ्मा २०१६ च्या सुमाराला अपेक्षित होता. मग २०२५ झालं. आणि जुलै २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं. त्यानुसार संशोधनाची सुरुवात २०३४ ला, खऱ्या ड्यूटेरियम-ट्रिटियम इंधनावर २०३९ ला. शिवाय ईटर वीज बनवणारच नाही. ५० मेगावॉट उष्णता आत टाकून ५०० बाहेर काढता येते, हे फक्त सिद्ध करणार.

या सगळ्यात मी पडलो तो एका मैत्रिणीमुळे. मेटलर्जीवाली, वय २८, पुण्यात बऱ्यापैकी पॅकेजवर. तिला गांधीनगरजवळच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये पीएचडीला जायचंय. १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा देशातच बनवलेला पहिला टोकामॅक जिथे सुरू झाला, ती ही संस्था. अणुभट्टीच्या आतल्या भिंतीवर तिला काम करायचंय. फ्यूजनमधून सुटणारे न्यूट्रॉन्स ही भिंत रात्रंदिवस ठोकत राहतात. वर्षानुवर्षं तो मार खाईल असा धातू कुठला, हे अजून पूर्ण आकाराच्या यंत्रात कुणी तपासलेलंच नाही. दुसरी मेख ट्रिटियमची. ते निसर्गात जवळपास मिळतच नाही आणि जगातला वापरता येण्याजोगा साठा काही दहा किलोंचा. म्हणजे भट्टीनेच आपलं ट्रिटियम लिथियमपासून पैदा करायचं. तेही त्याच भिंतीत. थोडक्यात, काम अगदी मर्माचं.

घरी मात्र महाभारत. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात २५० मेगावॉटचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०६० साली धरलाय. आईने लगेच गणित केलं, ‘अगं, तुझा दिवा लागेपर्यंत तुझी साठी उलटून जाईल!’ गणित चुकलेलं नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

गेल्या हिवाळ्यात आमचा ग्रुप सिद्धगडला गेला होता. कल्याणहून मुरबाड, पुढे म्हसा, तिथून नारिवलीकडे आणि मग वर. रात्री माचीवर शेकोटीभोवती हाच विषय. पश्चिमेला कल्याण-डोंबिवलीच्या दिव्यांनी अख्खं आकाश नारिंगी झालं होतं. ती तिकडे बघत म्हणाली, ‘तूच सांग, जे आपल्याला बघायला मिळेल की नाही माहीत नाही, त्याच्यासाठी आजचा पगार सोडायचा का?’

प्रश्न विचारायला तिने जागा बरोबर निवडली होती. याच सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. आजच्या भाषेत ‘वेल सेटल्ड’. आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पाडलं काय, तर विजेचे टॉवर! सह्याद्रीच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या लाइनी. गिरण्या-कारखाने आणि रेल्वे, म्हणजे पर्यायाने युद्धाचं सगळं चक्र, कुठल्या तारेवर लटकलंय हे या माणसाला नेमकं कळलं होतं. गेले तेव्हा वय होतं तीस. स्वातंत्र्य साडेचार वर्षांवर होतं, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता लगेच पीएचडी आणि हौतात्म्य एका तागडीत घालू नका, मीही घालत नाहीये. पण ‘बघायला मिळेल का’ हा प्रश्न या डोंगरात जरा छोटा वाटतो, एवढं खरं.

तरीही माझं उत्तर भावनिक नव्हतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, फ्यूजनच्या भरवशावर आजचं काही ढकलू नये. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हेलियन कंपनीशी करार केला, २०२८ पर्यंत वीज मिळावी म्हणून. गुगलने २०२५ मध्ये कॉमनवेल्थ फ्यूजनच्या व्हर्जिनियातल्या नियोजित केंद्रातली २०० मेगावॉट आगाऊ बुक केली. ते केंद्र २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहायचंय. मोठी नावं, मोठे पैसे. पण फ्यूजनचं एक युनिटही अजून कुठल्याच ग्रिडमध्ये गेलेलं नाही. हवामान मात्र तोपर्यंत थांबणार नाही. आणि आपल्याकडे आज चालणारे उपाय आहेत. सौरवीज लिलावात तीन रुपये युनिटच्या आसपास मिळते. तिची अडचण रात्रीची. त्यावर सिद्धगडाच्या दक्षिणेला, याच डोंगररांगेत, एक तोडगा शिजतोय. भिवपुरीला १९२२ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. तिथे १००० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प उभारायचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारबरोबर झाला. जादा वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, नसेल तेव्हा खाली सोडायचं. पंधरा कोटी अंश नाहीत, लेझर नाहीत. पाणी, उतार आणि टर्बाइन. बोअरिंग आहे, पण चालतं.

दुसरी गोष्ट, म्हणून फ्यूजन फालतू ठरत नाही. आपली मुलं, नातवंडं भरमसाट वीज वापरणार आहेत. डेटा सेंटर्स, गाड्या, समुद्राचं पाणी गोड करणं. सगळं ऊन-वाऱ्यावर भागेलच असं नाही. तेव्हा हातात एक जादा पत्ता असावा. तो पत्ता २०६० मध्ये दुकानात जाऊन विकत मिळणार नाही. तो हवा असेल तर आज कुणीतरी भिंतीचा धातू तपासत बसायला हवं. भाभांचं भाकीत चुकलं, पण अणुसंशोधनाचा जो पाया त्यांनी घातला त्यावरच गांधीनगर आणि हजिरा उभे आहेत.

मग फ्यूजन कधी? माझा हिशेब असा. प्रयोगशाळेतले विक्रम दर वर्षी-दोन वर्षांनी तुटत राहतील. पहिली खरी वीज आपल्या चाळिशी-पन्नाशीत कुठेतरी दिसेल, बहुधा परदेशात. आणि आपल्या मीटरवर ती यायला भरपूर वेळ आहे. तोवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा विषय निघाला की मोबाइलमध्ये डोकं घालू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मैत्रिणीने मार्चमध्ये फॉर्म भरला. आई अजून बोलत नाही, पण थेपले करायला शिकतेय म्हणे.