आधी वजनकाटा, मग ग्लायडर

भाताची कापणी उरकली की मावळात उडण्याचा हंगाम सुरू होतो. खाचरांत इंद्रायणी भात उभा असेपर्यंत उतरायला जागा नसते, आणि उभ्या पिकात उतरणाऱ्याला शेतकऱ्याने चार शब्द सुनावले तर ते योग्यच आहे. कापणीनंतर मात्र कामशेतच्या टॉवर हिलवर, शेलारच्या डोंगरावर, पवनेच्या बाजूला रंगीत ग्लायडर दिसू लागतात आणि माझ्याकडे पिशव्यांची रास लागते. मी पॅराग्लायडर तपासते आणि दुरुस्त करते. फाटलेलं कापड जोडायचं, दोऱ्या मोजायच्या, लागल्या तर बदलायच्या, असं हे काम आहे.

मुंबई-पुण्याहून शिकायला आलेली मुलं कोर्स संपताच पहिला प्रश्न विचारतात: ताई, कोणता ग्लायडर घेऊ? त्यांच्या मनात कंपनी असते, रंग असतो, मित्राने घेतलेला ग्लायडर असतो. मी त्यांना आधी काट्यावर उभं करते. एकट्याला नाही, सगळ्या सामानासकट. ग्लायडरवर 75 ते 95 किलो असं लिहिलेलं असतं, ते नुसत्या माणसाचं वजन नसतं. हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट, हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली आणि खुद्द ग्लायडर, असं सगळं धरून ते मोजायचं असतं. ‘माझं वजन 85 आहे, म्हणजे बसतोय की’ असं म्हणणारा मुलगा सतरा किलोचं सामान चढवून काट्यावर उभा राहतो तेव्हा आकडा 102 येतो. त्या ग्लायडरची युरोपीय मानकानुसार चाचणी झाली ती 75 आणि 95 या दोन टोकांवर. 102 किलोवर तो हवेत मिटला तर पुन्हा कसा उघडेल, याची हमी कुणीच दिलेली नसते.

उलटी चूकही होते. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला कुणीतरी आपला जुना मोठा ग्लायडर स्वस्तात देतो. डिसेंबरच्या सकाळी, वारा मंद असताना, ती त्याच्यावर मजेत तरंगते. थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, जागे झाले की कमी भाराचं ते कापड लवकर मिटतं, आणि वाऱ्यापुढे सरकता सरकत नाही.

यातून एक समज पसरला आहे आणि तो मला घातक वाटतो: मावळात वारा जोरात असतो, म्हणून लहान ग्लायडर घ्यावा, म्हणजे तो वारा कापत जातो. हिशेब करून पाहा. साध्या ग्लायडरचा वेग ताशी 37 किलोमीटरच्या आसपास असतो. त्याच कापडावर दहा टक्के जास्त वजन टाकलं तरी वेग वाढतो फक्त पाच टक्क्यांनी, म्हणजे दोन किलोमीटरही नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी कोकणातून घाट चढून येणारा वारा धारेवर एका झुळकीत यापेक्षा कितीतरी जास्त वर-खाली होतो. दोन किलोमीटरसाठी तुम्ही असा ग्लायडर घेता जो मिटल्यावर जास्त झटक्याने फिरतो आणि जमिनीवर जास्त वेगाने येतो. आणि वारा तुमच्यापेक्षा जोरात झाला तर मागे ढकलले जाता, धारेपलीकडे, जिथे हवा घुसळलेली असते. त्या दुपारी उडू नये, एवढाच त्यावर उपाय आहे. तो कुठल्याही दुकानात मिळत नाही, म्हणून कुणी सुचवत नाही.

वजन आणि पंखाचं माप जुळवण्याचा हाच हिशेब पाण्यावर हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा बोर्ड, चालवणारेही करतात. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आणि काइट या दोन्ही शर्यती फॉइलवरच झाल्या. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, त्यामुळे आपल्याकडे जे काम पंचवीस चौरस मीटर कापड करतं ते तिथे पाण्याखालचा हातभर पंख करतो. स्वार वजनदार किंवा वारा मंद असेल तर मोठा पंख, वारा जोरात असेल तर लहान. मास्ट, म्हणजे बोर्ड आणि पंख जोडणारा दांडा, दोन सेंटीमीटर पुढे-मागे सरकवला, मागच्या छोट्या पंखाखाली अर्ध्या अंशाची पाचर घातली, की बोर्ड वेगळाच वागू लागतो. तिथे जुळवणी चुकली तर माणूस बहुतेक वेळा पाण्यात पडतो. आपल्याकडे खाली कातळ आहे.

जुळवणीचं हे सूक्ष्मपण आपल्या लोकांच्या नीट लक्षात आलेलं नाही. परवा लोणावळ्याहून एक ग्लायडर आला. पावसाळाभर माळ्यावर पडून होता. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंतींनाही ओल असते. मालकाची तक्रार अशी की ग्लायडर उचलताना डोक्यावर येत नाही, मागेच लोंबतो. आम्ही तो हॉलमध्ये पसरला, एकेक दोरी ठरावीक ताण देऊन लेझरने मोजली. पुढच्या दोऱ्या जवळपास बरोबर होत्या, मागच्या अडीच सेंटीमीटरपर्यंत आखडलेल्या. याचं कारण साधं आहे. उडताना बहुतेक भार पुढच्या दोऱ्यांवर येतो, त्यामुळे त्या ताणलेल्या राहतात. मागच्यांवर ताण कमी, आणि डायनीमाची दोरी ओल आणि सैलपणा मिळाला की आखडते. मग ग्लायडरचं नाक वर होतं, वेग कमी होतो आणि तो स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल सुटण्याच्या, जवळ जाऊन उडतो. पायलटला वाटतं, आज हवाच मंद आहे. रायझरपाशी, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांपाशी, दोऱ्यांचे फासे बदलून लांबी परत जागेवर आणली. दुपारी मोकळ्या खाचरात उचलून पाहिला, तर एका ओढीत डोक्यावर उभा राहिला.

ब्रेकच्या दोऱ्यांचे तर फारच हाल करतात. हात दुखतात म्हणून पाच-सहा सेंटीमीटर आखूड करून घेतात. एक परीक्षा स्वतःच करता येते: मंद वाऱ्यात ग्लायडर डोक्यावर धरा, हात पूर्ण वर सोडा. ब्रेकच्या दोरीला वाऱ्याने पोट आलं पाहिजे आणि कापडाच्या मागच्या कडेला एकही चुणी पडता कामा नये. चुणी दिसली तर तुम्ही सतत ब्रेक लावून उडताय.

घडी घालताना नाकतोडे झटका. कापणीनंतरच्या शेतात ते ढिगाने असतात आणि घडीत अडकलेला नाकतोडा कापड कुरतडून बाहेर पडतो. धसकटांवरून ग्लायडर ओढू नका, आणि वाळलेल्या कारवीत अडकलेली दोरी हिसडा देऊन सोडवू नका. तुटली नाही तरी आतून दुखावते.

आता मागणी. 1990च्या दशकात कामशेतला पॅराग्लायडिंग रुजलं, आज तिथे देशभरातून लोक शिकायला येतात. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021मध्ये आलं. पण शनिवार-रविवारी टँडमवर, म्हणजे पायलटबरोबर जोडीने, बसायला येणाऱ्या कुटुंबाला आजही व्यवसायाचा फलक दिसतो, ग्लायडरची अवस्था दिसत नाही. प्रत्येक ग्लायडरच्या पिशवीत त्या हंगामाच्या तपासणीचा कागद असावा: दोऱ्यांची मापं, कापडातून हवा किती झिरपते, रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं. आणि टेकऑफवर वजनकाटा असावा. तुमच्या लेकीला हार्नेसमध्ये बसवण्याआधी जो माणूस तिचं वजन विचारत नाही, काट्यावर उभं करत नाही, त्याला पैसे देऊ नका. कागद मागा. दाखवायला कुणी कुरकुर केली, तर त्या दिवशी खाली येऊन भाजे लेणी बघा.