बॅकअप न घेता डिलीट

परवा अमरावतीत परकोटाच्या आत फिरलो. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राजवटीत, १८०७ साली बांधायला घेतलेला हा कोट. ५ दरवाजे, ४ खिडक्या, सगळं गॅझेटियरात सापडतं. आजोबांचा वाडा नेमका कुठे होता, ते मात्र सापडत नाही.

महापालिकेला शिव्या घालणार, तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले, "तुमच्याच घरच्यायनं इकला ना भाऊ!"

खरंय. वाडे आपणच विकले. विकू नका असं म्हणत नाही, गळक्या छपराखाली मी तरी कुठे राहणार होतो? पण पाडण्याआधी चार फोटो, एक नकाशा? ऑफिसात बॅकअप न घेता एक टेबल उडवलं तर नोकरी जाते. इथे अख्खा मोहल्ला उडवला!

असो. घरी जाल तेव्हा आजीला विचारा, लिहून काढा. शेवटची कॉपी तिच्याकडेच आहे.