जुन्या मोटारी आणि शर्यतीची यात्रा

मावळांतील नवलाख उंबरे आणि तळेगांव यांच्या परिसरांत राहणाऱ्या कांहीं कुटुंबांनीं आपल्या जुन्या मोटारी नीट राखून ठेवल्या आहेत. कोणाकडे वडिलांनीं घेतलेली फियाट आहे, कोणाकडे अॅम्बॅसडर, कोणाकडे स्टँडर्ड हेराल्ड. महिन्यांतून एका रविवारीं एकत्र जमावें, गाड्यांचीं दुखणीं एकमेकांस सांगावीं आणि मुलांबाळांसह जवळपास वनभोजनास जावें, असा ह्या मंडळींचा क्रम आहे. यंदा त्यांच्या मनांत मोठा बेत आला आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें मोटारींच्या राष्ट्रीय शर्यती होतात. त्या पाहण्यासाठीं आपापल्या जुन्या गाडींतून सहकुटुंब जावें, असा तो बेत. त्यांनीं आमचें मत विचारलें आणि बैठकीसही बोलाविलें. तेथें जें ऐकलें आणि त्यावरून जें सुचलें, तें इतर वाचकांसही उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

मोटार हा विषय ह्या भागाला परका नाहीं. शेजारच्या औद्योगिक वसाहतींत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला. २०२० च्या अखेरीस त्यांतील उत्पादन थांबलें आणि पुढें ह्युंदाई कंपनीनें तो विकत घेतला. ज्या मावळाची ख्याति तांदळासाठीं, तेथें आज मोटारी तयार होतात. रस्त्याची तर मौज अशी कीं, वडगांव-मावळावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हाच पुढें पुणें, सातारा, कोल्हापूर, बेळगांव, हुबळी, बंगळूर असा करीत इरुंगाट्टुकोट्टैवरून चेन्नईस जातो. घराजवळचा रस्ता न सोडतां शर्यतीच्या दारांत पोंचतां येतें!

जुन्या मोटारींच्या माणसांना त्या ठिकाणाची ओढ कां वाटावी, हेंही सांगितलें पाहिजे. चेन्नईच्या उत्तरेस शोलावरम येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील विमानांची धावपट्टी होती. युद्ध संपलें, पट्टी मागें राहिली, आणि १९५० नंतरच्या दशकांत तिच्यावर मोटारी धांवूं लागल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. गोंडलच्या महाराजकुमारांसारखे हौशी चालक तेथें उतरत, आणि लोक उन्हांत उभे राहून शर्यती पाहत. पुढें १९९० च्या सुमारास क्लबनें इरुंगाट्टुकोट्टै येथें स्वतःचा सुमारें ३.७ किलोमीटर लांबीचा बंदिस्त मार्ग बांधला. इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील गुडवुडची कथाही अशीच आहे. तेथील युद्धकालीन विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर १९४८ सालीं शर्यती सुरू झाल्या, १९६६ मध्यें बंद पडल्या, आणि १९९८ पासून दर वर्षीं सप्टेंबरांत तीन दिवस त्याच जुन्या काळच्या मोटारी पुन्हां तेथें धांवतात. प्रेक्षकही त्या काळचा पोशाख करून येतात. आपल्याकडे इतका थाट नाहीं. परंतु ज्यांनीं लहानपणीं शोलावरमचीं छायाचित्रें नियतकालिकांत पाहिलीं, त्यांना इरुंगाट्टुकोट्टै हें तीर्थच वाटतें.

बैठकींत वादाचा मुद्दा निघाला तो वेगाचा. मावळापासून तेथपर्यंत अंतर सुमारें पावणेबाराशें किलोमीटर. कांहीं तरुणांचें म्हणणें असें पडलें कीं, ज्यांच्या गाड्या दणकट आहेत त्यांनीं पुढें निघावें, एका दिवसांत बंगळूर गांठावें. आणि ताफ्यांतील सर्वांत जुनी गाडी, म्हणजे एका निवृत्त शिक्षकांची १९६४ सालची फियाट, ट्रकवर चढवून पाठवावी. शिक्षक शांतपणें ऐकत होते. एक जण म्हणाला, “काका, तुमच्याच सोयीसाठीं म्हणतों.” त्यावर ते एवढेंच म्हणाले, “ट्रकवरच जायचें तर ती घरींच बरी. तिच्यांत बसून माझी आई पंढरपूरला गेली होती.” बैठकींत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

आमचें मत आम्हीं तेथेंच दिलें आणि येथेंही देतों. ताफ्याचा वेग ठरवावयाचा तो सर्वांत मंद गाडीनें. जुन्या मोटारींचें मंडळ ज्या गाडीमुळें मंडळ झालें, तिलाच मागें टाकून निघालें, तर मग त्यांत आणि महामार्गावरच्या गर्दींत भेद काय उरला? तरुणांचा वेगाचा हव्यासही आम्ही निंद्य मानीत नाहीं. वेगाचें आकर्षण हा तारुण्याचा धर्मच आहे. मात्र त्याला स्वतःची जागा आहे, आणि ती जागा कोणती हें जगाला फार मोठी किंमत देऊन कळलें आहे.

मोटारींच्या पहिल्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरच होत. १९०३ सालच्या मे महिन्यांत पॅरिसहून माद्रिदला जाणारी शर्यत निघाली. दोनशेंहून अधिक गाड्या, धुळीचे लोट, दुतर्फा लाखों माणसें, आणि कोठें वळण आहे हें धुळींत दिसेना. पहिल्याच दिवशीं चालक आणि प्रेक्षक मिळून निदान आठ माणसें दगावलीं. रेनो बंधूंपैकीं मार्सेल रेनो त्यांतच गेले. फ्रेंच सरकारनें शर्यत बोर्दो येथें थांबविली, आणि त्या बलाढ्य मोटारी घोडे लावून रेल्वे-स्टेशनापर्यंत ओढीत न्याव्या लागल्या. चारच वर्षांनीं, १९०७ मध्यें, इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें खास शर्यतींसाठीं बांधलेला बंदिस्त मार्ग उघडला. तरीही धडा पुरता गिरविला गेला नाहीं. इटलींतील एक हजार मैलांची प्रसिद्ध शर्यत रस्त्यांवरच चालू राहिली, आणि १९५७ सालीं एका गाडीचा टायर फुटून ती प्रेक्षकांत घुसली. दोघे स्वार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पांच मुलें होतीं. शर्यत कायमची संपली ती त्या दिवशीं.

बंदिस्त मार्गावर चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, अंगांत आगीपासून रक्षण करणारा पोशाख असतो, वळणावळणावर निशाणें घेऊन माणसें उभीं असतात, रुग्णवाहिका सज्ज असते, आणि समोरून कोणी येत नाहीं. बोरघाटांत ह्यांपैकीं काय असतें? १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत गाडीरस्ता झाला तेव्हांपासून हा घाट माणसाच्या संयमाची परीक्षा घेत आला आहे. आजही पावसाळ्यांतील रविवारीं लोणावळ्याच्या रस्त्यावर दहा मिनिटें उभें राहिल्यास, शर्यत चुकीच्या जागीं लागली म्हणजे काय होतें, तें दिसतें. औद्योगिक वसाहतीचे रुंद, सरळ आणि संध्याकाळीं ओस पडणारे रस्तेही तसेच मोह घालतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें राज्य सरकारच्या संमतीवांचून सार्वजनिक ठिकाणीं शर्यत लावणें हा गुन्हा ठरविला आहे. पण कायद्यापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें अधिक टिकतें. ज्या तरुणानें खरी शर्यत आणि तिच्याभोंवतालची शिस्त एकदां पाहिली, तो रस्त्यावर मोटारसायकल उधळण्यापूर्वीं दोनदां विचार करील, अशी आमची आशा आहे. आणि ह्या सहलीचा खरा लाभ आम्ही तोच समजतों.

आतां तयारीविषयीं. राष्ट्रीय शर्यतींच्या फेऱ्या बहुधा वर्षाच्या उत्तरार्धांत होतात. मावळांत आषाढ-श्रावण मुसळधार, तर चेन्नईकडे आश्विन-कार्तिकांत ईशान्य मोसमी पाऊस. म्हणून वेळापत्रक जाहीर झाल्यावर, दोन्हींकडचें आभाळ पाहून फेरी निवडावी, आणि तारखांची खात्री करून मगच उतरण्याच्या जागा ठरवाव्या. जातांना पांच दिवस धरावे: पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसरा हुबळी, तिसरा चित्रदुर्ग, चौथा बंगळूर ओलांडून होसूर, आणि पांचव्या दिवशीं वेल्लोरवरून इष्ट स्थळ. अडीचशें किलोमीटरांच्या आसपास रोजचा प्रवास झाला कीं पुरे. पहांटे निघावें, दुपारीं गाडी आणि माणूस दोघांसही विसांवा द्यावा, अंधार पडल्यावर चाक फिरवूं नये. कोल्हापुरास छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार शाही दसऱ्यास निघते. सण साधला तर मुलांना ती अवश्य दाखवावी.

ताफ्यांत पुढारी एक असावा आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. त्याच्या मागोमाग सर्वांत मंद गाडी, आणि सर्वांत शेवटीं ज्यास दुरुस्तीची माहिती आहे असा गृहस्थ. आठ-दहा गाड्यांनीं एकमेकांस चिकटून जाणें धोक्याचें. चार-चारांचे गट करावे आणि पुढच्या भेटीचें ठिकाण आधीं ठरवावें. खंबाटकीच्या चढावर आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटांत जुनी गाडी तापते. तापल्यास बाजूस उभी करून स्वस्थ बसावें. रेडिएटरचें झांकण गरम असतां कधींही उघडूं नये. आणि ज्या गिअरमध्यें घाट चढलों, त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम विसरूं नये; नुसत्या ब्रेकवर विसंबलेली गाडी घाटाच्या पायथ्याशीं दगा देते.

निघण्यापूर्वीं महिनाभर आधीं ब्रेक, टायर, पंख्याचा पट्टा आणि पाण्याच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्या. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचें वय पाहावें, कारण जुनें रबर आंतून तडकतें. पेट्रोलच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावें. आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर त्यानें फुगतात किंवा झिजतात; त्या बदलून घेणें हाच उपाय. जवळ पट्टा, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फ्यूज, थोडी तार आणि भरपूर पाणी असावें. एकदां लोणावळ्यापर्यंत आणि एकदां वाईपर्यंत सर्व गाड्यांची रंगीत तालीम करावी. जी गाडी तालमींत रडली, तिनें रस्त्यांत हंसावें अशी अपेक्षा धरूं नये.

कागदपत्रांची बाबही महत्त्वाची. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशी ‘व्हिंटेज’ नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं; जुन्या मोटारींचा मेळावा, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणें आणि दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊं शकते. ज्यांच्या गाडीची नोंदणी तशी असेल, त्यांनीं हा प्रवास नियमांत बसतो कीं नाहीं, हें परिवहन कार्यालयांत आधींच लेखी विचारून घ्यावें. विमा आणि धुराचा दाखला तर सर्वांनींच पाहावा.

आमच्या भगिनींस वाटेल कीं हा पुरुषांचा उद्योग. त्यांस सांगावेंसें वाटतें कीं, पुण्याच्या डायना पंडोले यांनीं २०२४ सालीं ह्याच मार्गावर सलून गाड्यांच्या गटांत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, आणि दोन मुलांच्या माता आहेत. तेव्हां डबे भरण्यापुरतेंच स्त्रियांस मंडळांत स्थान असूं नये. मुक्काम, वेळ आणि खर्च ठरविण्यांत त्यांचा शब्द असावा, आणि ज्यांना चालवितां येतें त्यांच्याकडे गाडीही द्यावी. डबे सर्वांनीं मिळून भरावे: पहिल्या दोन दिवसांस दशम्या, चटणी आणि लाडू चालतील, पुढें उन्हाळी हवेंत ताजें अन्नच बरें. शर्यतीच्या जागीं कानठळ्या बसविणारा आवाज असतो, म्हणून लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या कानांसाठीं बोळे, डोक्यास टोपी आणि पाणी विसरूं नये.

मुलांना निशाणांचा अर्थ आधीं शिकवावा, म्हणजे शर्यत त्यांना कळेल. पिवळें निशाण म्हणजे पुढें धोका, कोणी कोणास मागें टाकूं नये. तांबडें म्हणजे शर्यत थांबली. निळें म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्यावी. आणि पांढऱ्या-काळ्या चौकटींचें म्हणजे शर्यत संपली. जगांतील अत्यंत वेगवान चालकही पिवळ्या निशाणापुढें मान तुकवितात, हें मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

शेवटीं पैशाची गोष्ट. सामाईक निधि एकाच व्यक्तीच्या हातीं असावा, रोजचा हिशेब रोज रात्रीं लिहावा. बिघडलेल्या गाडीचे सुटे भाग ज्याच्या त्याच्या खर्चानें, परंतु ती ओढून नेण्याचा आणि त्यापायीं वाढलेल्या मुक्कामाचा खर्च सर्वांचा, असा ठराव निघण्यापूर्वींच करावा. असे ठराव नसले म्हणजे सहली भांडणांत संपतात आणि वर्षांचा स्नेह चार रुपयांवरून तुटतो.

बैठक उठतांना ठराव झाला तो असा: ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें कोणी जावयाचें नाहीं, आणि ट्रकचें नांव पुन्हां काढावयाचें नाहीं. शिक्षकांच्या फियाटीला पुढाऱ्यामागचें स्थान मिळालें आहे. ती तपासून देण्याचें काम ज्या तरुणानें ट्रकची सूचना मांडली होती, त्यानेंच मागून घेतलें.