घरचा विचार : दोन भाषांचा एक तास

दीपनगरच्या एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या भुसावळास महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकते, आणि आठवड्यांतून चार संध्याकाळीं एका तेलुगू बाईंस मराठी शिकवावयास व त्यांच्याकडून तेलुगू शिकावयास जाते. गेल्या सत्रांत एका विषयांत गुण घसरले. आजोबा म्हणतात, हा उद्योग तत्काळ बंद करा. मुलगी म्हणते, दिलेला शब्द मोडणार नाहीं. आईनें काय करावें?

हें वेड खानदेशास परकें नाहीं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून सहा वर्षें शिक्षक असलेले साने गुरुजी १९३० च्या सत्याग्रहांत धुळ्याच्या व पुढें त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत गेले. तेथें दक्षिणेकडील सोबत्यांच्या सहवासांत त्यांना तमिळची गोडी लागली. 'कुरल'चा मराठी अनुवाद त्यांनीं केला. प्रांतांनीं परस्परांच्या भाषा शिकाव्या ही 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनीं १९४९ सालीं पुण्याच्या साहित्यसंमेलनांत मांडली. (तुरुंगांत सत्रपरीक्षा नसतात, असें आजोबा म्हणतील, व तें खरेंच आहे.) युरोपांतहि १९६३ च्या मैत्रीकरारानंतर फ्रान्स व जर्मनी यांनीं तरुणांच्या देवघेवीसाठीं संस्था काढली, आणि दोघांनीं जोडीनें एकमेकांस शिकविण्याची पद्धति रुळली. अर्धा वेळ एका भाषेंत, अर्धा दुसऱ्या भाषेंत, हा तिचा नियम.

आतां त्या बाईंकडे पाहूं. यजमान वीजकेंद्राच्या कामावर ठेकेदाराकडे वेल्डर आहेत. पावसाळ्यांत मूल तापानें फणफणलें असतां, काल त्यानें काय खाल्लें, येवढ्या साध्या प्रश्नाचें उत्तर बाईंस दवाखान्यांत देतां येईना; तेव्हांपासून मुलगी जाऊं लागली. अशा कामास आम्ही रिकामपणचा उद्योग म्हणणार नाहीं. शिवाय हें दान नव्हे. आपलें 'आपण' आणि 'आम्ही' समजावतांना हिंदी माणसापुढें घाम फुटतो. तेलुगूंत 'मनमु' व 'मेमु' असा तोच भेद असल्यामुळें बाई तें एका क्षणांत समजल्या, असें कन्येनेंच आईस सांगितलें. उलट 'तो दिवा, ती वात, तें तेल' येथें मात्र गाडें अडतें, कारण निर्जीव वस्तूंना तीन लिंगें असतात ही गोष्टच त्यांच्या भाषेस ठाऊक नाहीं. आपली भाषा दुसऱ्यास शिकवितांना आपणांसच प्रथम दिसते. वर्गांत बसून हें क्वचितच घडतें.

तथापि चार संध्याकाळी अधिक होतात. पूर्वी वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर सारा भार असे; आतां सत्र सुमारें नव्वद अध्यापनदिवसांचें, म्हणजे पंधरासोळा आठवड्यांचें, आणि त्यांत चाचण्या व प्रात्यक्षिकें आहेतच. एक आठवडा निसटला कीं भरून निघत नाहीं. दोन संध्याकाळी, प्रत्येकीं एक तास, घड्याळ लावून : येवढें पुरे. हा तास कठीण विषयाच्या अभ्यासानंतर ठेवावा, आधीं नव्हे.

परंतु तास मोजावयाचे तर घरांतलेहि मोजावे. पत्रांतच आहे कीं, सायंकाळचा स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा आणि धाकट्यांचा अभ्यास कन्येकडे आहे, व तिच्या वयाचा चुलतभाऊ त्याच वेळीं क्रिकेट खेळतो. त्याचेहि गुण घसरले काय, हें पत्रांत नाहीं! एकत्र कुटुंबांत पांच माणसें घरीं असतांना चहाचें आधण दुसऱ्या कोणी ठेवल्यास आठवड्यास तीन तास सहज निघतील. आजोबांनीं धाकट्यांचा अभ्यास घेतला तर उत्तमच. त्यांचें गणित चांगलें आहे, असेंहि आपण लिहितां.

शब्दाचा प्रश्न उरला. दोन संध्याकाळी कमी होतील, आणि परीक्षेच्या आधींचे तीन आठवडे पाठ बंद राहील, हें बाईंस आजच, तारखा देऊन सांगावें. आयत्या वेळीं दार न वाजणें हाच खरा शब्दभंग. त्या तीन आठवड्यांत सौ. भगिनी, आपण स्वतः एखाद्या दुपारीं त्यांस घरीं बोलवावें. व्याकरण नको, भाजी निवडतां निवडतां दवाखाना, रेशन आणि शाळा येथें लागणारीं वाक्यें घोकून घ्यावीं, आणि मुलाच्या औषधाच्या चिठ्ठीवरील सूचना त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्याव्या.